आफ्रिकेतली शिकार घरी कशी येते?

आम्ही शाळेतल्या मुलांना घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जातो, तेव्हा प्राण्यांच्या दालनात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हा खरा आहे का?" आम्ही सांगतो, कातडं खरं आहे, डोळे काचेचे आहेत. मग दुसरा प्रश्न, "ह्याला मारलं कोणी?" आणि तिसरा, जो मोठी माणसं सहसा विचारत नाहीत, "मग इथपर्यंत आणला कसा?" आजचं व्याख्यान ह्या तिसऱ्या प्रश्नावर आहे.

शिकारीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. त्या बहुतेक सगळ्या गोळी लागते तिथे संपतात. फार तर शिकाऱ्याचा फोटो, सिंहाच्या मानेजवळ बसलेला, मांडीवर बंदूक. पण त्या क्षणी तो माणूस घरापासून हजारो किलोमीटर दूर असतो आणि समोर शेकडो किलोचं एक धूड उन्हात पडलेलं असतं. तिथून घरी परतायचं आहे. बरोबर काय न्यायचं, ते टिकवायचं कसं, आणि घरी पोचल्यावर त्याचं करायचं काय, ह्यावर पुढची सगळी गोष्ट ठरते. तो प्राणी दिवाणखान्यात धूळ खात पडणार, की शंभर वर्षांनी आपल्याला काही सांगणार, हे त्या परतीच्या प्रवासात ठरतं. निदान आमचं तरी असं मत झालं आहे, आणि ते का झालं तेच आज सांगायचं आहे.

"सफारी" हा शब्दही ह्याला साक्ष आहे. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास, एवढाच अर्थ. मूळ अरबी "सफर", तोच जो आपण मराठीतही वापरतो. शिकार हा अर्थ गोऱ्या साहेबांनी त्याला चिकटवला. (आणि आपण त्यातून सफारी सूट काढला, जो एके काळी प्रत्येक लग्नात एका तरी मामांच्या अंगावर असायचा. असो.)

तर, गोळी लागली. आता खरी धावपळ सुरू होते, आणि ती शिकाऱ्याची नसते. कातडं सोलणाऱ्यांची असते. उष्ण प्रदेशात मेलेल्या जनावराचं कातडं काही तासांत सोलावं लागतं. उशीर झाला की जिवाणू कामाला लागतात, कातड्याची वरची त्वचा सैल होते आणि केस पुंजक्यापुंजक्यांनी हातात येतात. एकदा केस सुटले की काही करता येत नाही. सोलून झाल्यावर आतल्या बाजूची चरबी आणि मांसाचे धागे खरवडून काढायचे. कान आतून उलटे करायचे, ओठ आणि पापण्या आतून चिरून मोकळ्या करायच्या, पंजाच्या बोटांपर्यंत जायचं. हत्ती किंवा गेंडा असेल तर कातडं इतकं जाड असतं की ते आतून तासून तासून पातळ करावं लागतं, नाहीतर मीठ मुरतच नाही. ह्या कामाला कित्येक माणसं सुऱ्या घेऊन बसतात.

मग मीठ. भरपूर, आणि प्रत्येक घडीत चोळून. लोणच्याच्या फोडींना आपण मीठ लावतो तेच तत्त्व आहे, पाणी बाहेर काढायचं म्हणजे जिवाणूंना जगता येत नाही. नंतर सावलीत वाळवायचं, कडक उन्हात नाही. वाळलेल्या कातड्याला पुन्हा कसर लागण्याची भीती. केस आणि कातडं खाणारे बारीक भुंगेरे एका बंद पेटीतला सगळा माल फस्त करू शकतात. म्हणून जुन्या काळी आतून सोमलाचा साबण फासत. सोमल म्हणजे विष, आर्सेनिक. जगभरच्या जुन्या संग्रहांत ते विष अजून आहे, आणि म्हणूनच मुलांना आम्ही "हात लावू नका" असं जरा जास्तच ओरडून सांगतो.

आता हे सगळं मोठ्या प्रमाणावर कसं चालायचं त्याचं एक उदाहरण घेऊ. थिओडोर रूझवेल्ट. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडल्यावर काही आठवड्यांतच, मार्च 1909 मध्ये, हे गृहस्थ मुलगा कर्मिट ह्याला घेऊन आफ्रिकेला निघाले. ही मोहीम स्मिथसोनियन संस्थेसाठी होती. वॉशिंग्टनला संस्थेच्या नव्या वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहत होती आणि तिच्यात ठेवायला नमुने हवे होते. बरोबर तीन निसर्गअभ्यासक होते: मर्न्स, हेलर आणि लोरिंग. सामानात तंबू आणि बंदुका तर होत्याच, पण आमचं लक्ष जातं ते मिठाकडे. चार टन मीठ! आणि ते वाहायला माणसं, कारण त्या भागात बैलगाडी फार लांबवर जात नसे. अडीचशेच्या आसपास हमाल डोक्यावर ओझी घेऊन चालत होते.

मोंबासाहून आत जायला आगगाडी होती. रूझवेल्ट इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसवलेल्या बाकावर बसून दोन्ही बाजूंची जनावरं बघत गेले. ह्या आगगाडीकडे आपल्याला परत यायचं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

सुमारे अकरा महिने ही मंडळी आजच्या केनियातून युगांडा, मग नाईल नदीच्या काठाने खार्टूमपर्यंत गेली. दोघा बापलेकांनी मिळून मारलेली मोठी जनावरं 512. सगळ्या मोहिमेचा हिशेब केला तर उंदीर, पक्षी, साप, मासे, किडे धरून अकरा हजारांवर नमुने. रूझवेल्ट खार्टूमहून युरोपभर भाषणं देत जून 1910 मध्ये न्यूयॉर्कला उतरले. बंदरावर प्रचंड गर्दी, मिरवणूक. ते "घरी परतणं" एका दिवसात झालं. पेट्यांतल्या मालाचं घरी परतणं मात्र वर्षानुवर्षं चाललं होतं. नुसती नोंद करून संपवायला आठ वर्षं लागली असं सांगतात.

ह्या आठ वर्षांत काय करत होते? चिठ्ठ्या लिहीत होते. हे फार कंटाळवाणं काम आहे आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. प्रत्येक कातड्याला, प्रत्येक कवटीला एक चिठ्ठी बांधलेली असते: कुठे सापडलं, कोणत्या तारखेला, नर की मादी, मोजमापं किती, कोणी गोळा केलं. चिठ्ठी असेल तर तो नमुना. चिठ्ठी हरवली की तेच कातडं नुसतं शोभेची वस्तू. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून ह्याच चिठ्ठ्यांच्या जोरावर उभी आहे. भिंतीवर लावलेलं सगळ्यात देखणं मुंडकं आणि ड्रॉवरमधलं चिठ्ठी बांधलेलं विटकं कातडं, ह्यांत अभ्यासकाला विचाराल तर तो डोळे मिटून दुसरं उचलेल.

रूझवेल्टच्या पेट्यांत उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याची कातडी आणि कवट्या होत्या. तेव्हाही तो प्राणी विरळ होता, आणि हे माहीत असूनच त्यांनी तो मारला. आज त्या उपजातीच्या जगात फक्त दोन माद्या उरल्या आहेत, नाजिन आणि फातू, आई आणि मुलगी, केनियात सशस्त्र पहाऱ्यात. शेवटचा नर, सुदान, मार्च 2018 मध्ये गेला. आता ह्या उपजातीत पूर्वी आनुवंशिक विविधता किती होती हे बघायला अभ्यासक कुठे जातात? वस्तुसंग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांकडे आणि हाडांकडे. ह्यामुळे ती शिकार योग्य ठरते असं आम्ही म्हणत नाही. पाच-सहाशे मोठी जनावरं मारायची काय गरज होती, असं तेव्हाही लोकांनी विचारलं होतं. पण ती मारल्यावर कातडी मीठ लावून, चिठ्ठी बांधून ठेवली, म्हणून आज विचारायला काहीतरी आहे.

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, की मग पेंढा कधी भरतात? मराठीत आपण "पेंढा भरलेला वाघ" म्हणतो आणि पूर्वी खरोखरच पेंढा, भुसा, चिंध्या कोंबत. त्यामुळे जुने नमुने गादीसारखे फुगलेले दिसतात. ही पद्धत बदलली ती मुख्यतः कार्ल एकली ह्या अमेरिकन माणसामुळे. तो आधी हाडं आणि मातीतून प्राण्याचं शरीर घडवायचा, स्नायू, शिरा, सुरकुत्यांसकट. मग त्याचा प्लॅस्टरचा साचा, साच्यातून हलका पोकळ सांगाडा, आणि त्यावर कातडं. म्हणजे आत पेंढा नाही, शिल्प आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियममधलं आफ्रिकन प्राण्यांचं दालन त्याच्या कल्पनेतून झालं.

ह्या एकलीची गोष्ट आमच्या विषयात वेगळीच बसते. 1921 मध्ये तो कांगोत पहाडी गोरिला मारायला गेला. त्या दालनासाठीच. मारलेही. पण त्या जनावरांचे चेहरे जवळून पाहून तो परत आला तो अस्वस्थ होऊन. आणखी शिकारी इथे आले तर हे प्राणी उरणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी राखीव जंगल करा, असा त्याने बेल्जियमच्या राजाकडे आग्रह धरला. 1925 मध्ये ते झालं, अल्बर्ट राष्ट्रीय उद्यान. आजचं विरुंगा ते हेच. पुढच्या वर्षी तो पुन्हा तिथे गेला, डोंगरावर आजारी पडला आणि तिथेच वारला. त्याला मिकेनो पर्वतावरच पुरलं. शंभरेक जनावरं घरी नेणारा हा माणूस स्वतः घरी परतला नाही. त्याच्या दालनाचं उद्घाटन 1936 मध्ये झालं.

आता आजकाल हे कसं चालतं ते थोडक्यात. आफ्रिकेतल्या काही देशांत पैसे भरून शिकार अजूनही कायदेशीर आहे. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे. केनियाने 1977 मध्येच ती बंद केली. हल्लीचा शिकारी दोन आठवड्यांत विमानाने घरी परततो, रिकाम्या हाताने. माल मागून येतो, कित्येक महिन्यांनी. मीठ लावलेली कातडी आणि शिंगं आधी जंतुनाशकात बुडवतात, पॅक करतात. जनावरांचे रोग दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून पशुवैद्यकाचा दाखला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सायटीस कराराचे परवाने. धोक्यातल्या प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा हा करार 1975 पासून लागू आहे, आणि हत्तीचे सुळे असोत की बिबळ्याचं कातडं, त्याच्या कागदाशिवाय हलत नाही.

हे परतीचं दार किती महत्त्वाचं आहे ते 2015 साली दिसलं. झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर सिसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला. त्या सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी बसवलेला पट्टा होता, अनेक वर्षं त्याच्या हालचालींची नोंद होत होती. शिकारी घरी पोचला आणि मग जगभर बोभाटा झाला. त्याच्या दवाखान्याच्या दाराशी लोकांनी खेळण्यातले सिंह-वाघ आणून ठेवले. दवाखाना काही काळ बंद ठेवावा लागला. सिंहाचं डोकं आणि कातडं झिम्बाब्वेतच राहिलं. आणि कोणी शिकार थांबवली? काही विमान कंपन्या पुढे आल्या. ह्या वस्तू आम्ही वाहून नेणार नाही, म्हणाल्या. त्यांनी शिकार करायला अडवलं नाही, घरी न्यायची वाट अडवली. ज्याला भिंतीवर काही लावता येणार नाही, तो एवढे पैसे खर्चून जाईल का, हा त्यामागचा हिशेब.

ह्याला दुसरी बाजू आहे. नामिबियात किंवा झिम्बाब्वेत काही गावांना शिकारीच्या शुल्कातला वाटा मिळतो आणि मांस गावातच राहतं. पीक तुडवणाऱ्या हत्तीशेजारी ती माणसं राहतात, आपण नाही. लंडनमध्ये किंवा इथे बसून त्यांना उपदेश करणं सोपं आहे. पैसा खरंच गावापर्यंत पोचतो का, ह्यावर मात्र वाद आहेत, आणि जागेगणिक उत्तर बदलतं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्न बराचसा मिटवला. पण पणजोबांच्या वेळचं कातडं किंवा शिंगं माळ्यावर सापडली असं सांगणारे लोक आम्हाला व्याख्यानानंतर हमखास भेटतात. मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. असेल तरी ती वस्तू विकता येत नाही. नसेल तर गुपचूप ठेवू नका, फेकूही नका, वनखात्याकडे जा.

आता ती आगगाडी.

मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग इंग्रजांनी 1896 ते 1901 मध्ये बांधला, आणि बांधणारे हात हिंदुस्थानातून नेले. सुमारे 32,000 करारबद्ध मजूर, बहुतेक पंजाबातले, कराची बंदरातून गेले. 1898 च्या मार्चमध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचं काम जॉन हेन्री पॅटर्सन नावाच्या अधिकाऱ्याकडे आलं. त्याच सुमारास दोन सिंह रात्री तंबूंतून माणसं ओढून न्यायला लागले. आयाळ नसलेले दोन नर. काटेरी झुडपांचं कुंपण केलं, जाळ पेटवले, उपयोग झाला नाही. उंगनसिंग नावाच्या शीख जमादाराला तंबूतून उचललं, त्याचं नाव पॅटर्सनच्या पुस्तकामुळे आपल्याला माहीत आहे. शेवटी डिसेंबरात शेकडो मजूर रुळांवर आडवे पडले, गाडी थांबवली आणि तिच्यात चढून निघून गेले. पुलाचं काम ठप्प झालं. त्याच महिन्यात पॅटर्सनने दोन्ही सिंह मारले.

आणि मग तोच प्रश्न, बरोबर काय नेलं? पॅटर्सनने दोन्ही कातडी सोलून घेतली, कवट्या घेतल्या. घरी नेऊन कातड्यांचे गालिचे केले. जमिनीवर अंथरायचे! पंचवीस वर्षं ती कातडी पायांखाली होती. 1924 मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये तो व्याख्यान द्यायला गेला आणि त्या वेळी म्युझियमने दोन्ही कातडी आणि कवट्या 5,000 डॉलरना विकत घेतली. गालिच्यासाठी कडा कापलेल्या, झिजलेल्या. त्यातून सिंह उभे केले, म्हणून ते मूळच्यापेक्षा लहान दिसतात. शिकागोला गेलेली माणसं त्या काचेसमोर "एवढेच?" म्हणतात, त्याचं कारण हे आहे.

कवट्या मात्र शाबूत होत्या. एका सिंहाचा सुळा तुटलेला आणि मुळाशी पू झालेला. जबडा दुखत असेल तर झेब्रा, रानरेडा धरणं कठीण, माणूस सोपा. शिवाय त्या दशकात बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतली गुरं आणि रानरेडे मोठ्या प्रमाणावर मेले होते.

मेलेली माणसं किती? पॅटर्सनने आधी 28 मजूर सांगितले. पुढे हा आकडा 135 वर गेला. पुस्तकं, चित्रपट सगळे मोठा आकडा धरून चालले. 2009 मध्ये अभ्यासकांनी त्या सिंहांच्या केसांतले आणि हाडांतले कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक तपासले. आपण जे खातो त्याची खूण शरीरात राहते. हाडात कित्येक वर्षांची, केसात शेवटच्या काही महिन्यांची. त्यावरून अंदाज निघाला सुमारे 35 माणसांचा. त्यांतली दोनतृतीयांशांहून जास्त एकट्या दुखऱ्या दाताच्या सिंहाने खाल्लेली. हा अंदाज आहे, आणि खाल्लेल्या माणसांचा आहे, मारलेल्या सगळ्यांचा नाही. तरी साहेबाच्या आठवणीपेक्षा सिंहाच्या हाडाचा हिशेब आम्हाला अधिक भरवशाचा वाटतो.

इथे एक गोष्ट बोचते. ब्रिटिशांना पुलावरचा एकेक दगड मोजता येत होता. माणसं किती गेली, हे शंभर वर्षांनी सिंहाच्या केसाला विचारावं लागलं. कातड्यांना चिठ्ठ्या बांधणाऱ्या जगात ह्या मजुरांच्या नावाची चिठ्ठी बहुतेकांना नव्हती. आणि सिंहांनी नेलेले त्यात थोडेच. त्या लोहमार्गावर एकूण सुमारे 2,500 हिंदी मजूर मेले, मुख्यतः ताप, हगवण आणि अपघातांनी. सहा-सात हजार तिथेच स्थायिक झाले. बाकीचे करार संपल्यावर घरी परतले, त्यांची मिरवणूक निघाली नाही.

आणखी एक. त्या सुळ्यांच्या तुटक्या भागाच्या पोकळीत केस अडकून बसले होते, एकावर एक घट्ट थर. 2024 मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिराफ, झेब्रा, ओरिक्स, वॉटरबक, विल्डबीस्ट आणि माणूस. गालिच्यांबरोबर घरी आणलेल्या कवटीत सव्वाशे वर्षं हे सगळं बसून होतं.

जनावरांच्या केसांचं विश्लेषण त्यांनी तपशिलात छापलं. माणसाच्या केसांपाशी मात्र ते थांबले. ती कोणाची तरी माणसं होती, त्यांचे वंशज आज असू शकतात, तेव्हा त्या समाजांशी बोलून, त्यांना बरोबर घेऊन पुढे जायचं असं त्यांनी ठरवलं. केनियातूनही हे सिंह परत मिळावेत अशी मागणी पूर्वी पुढे आली होती. सिंहांचं घर त्सावो, हे तर उघड आहे. त्या केसांचं घर मात्र केनियात असू शकेल, किंवा पंजाबातल्या एखाद्या गावात.

आता प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी हात वर केला आहे.